देवाच्या हातीं दिलेलें लेकरूं



दिवसाचें काम आटोपतें, जेवणें होतात, गुरांपुढें वैरण पडते, दिवा बारीक होतो, आणि मुलें झोपलीं असें समजून आपण मोठीं माणसें आपल्या काळजीच्या गोष्टी बोलूं लागतों. सोसायटीचें कर्ज, म्हाताऱ्याचें दुखणें, कालव्याच्या पाण्याची पाळी, भावकीचा तंटा, सर्व त्याच वेळीं निघतें. पण मूल पुष्कळदां झोपलेलें नसतें. तें पांघरुणाखालून ऐकत असतें, आणि जें त्यास पुरतें समजत नाहीं तेंच त्याच्या मनांत मोठें होऊन बसतें.

निरवांगीच्या एका घरीं मीं हें स्वतः पाहिलें आहे. त्या वर्षीं पावसानें दगा दिला होता, कालव्याचें पाणी वेळेवर आलें नव्हतें आणि उभें पीक वाळत होतें. त्या घरचा 7-8 वर्षांचा मुलगा रोज रात्रीं दोन-तीन वेळां उठे, अंधारांत चांचपडत जाई, बाप आपल्या जागीं आहे कीं नाहीं हें हातानें पाही, आणि मग परत येऊन पडे. आजी त्यास बागुलबुवाचें भय दाखवी. आई सांगे कीं न झोपणाऱ्या मुलांवर देव रागावतो. मी तेथें प्रार्थनेस गेलों असतां मीं त्यास जवळ बसवून विचारलें. दोनदां त्यानें मान खालीं घातली. तिसऱ्या वेळीं त्यानें सांगितलें कीं, बाप आम्हांला टाकून गांवाबाहेर जाणार आहे. बापानें एके रात्रीं पोट भरण्यास बाहेर जावें लागेल असें बायकोजवळ बोलून दाखविलें होतें, आणि बोलून तो विसरूनही गेला होता. मुलगा विसरला नव्हता.

घरीं परततांना मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रांतील एक प्रसंग आठवला, आणि तेव्हांपासून तें चरित्र मी ह्या दृष्टीनें वाचीत आलों आहें. रमाबाईंचें नांव ऐकलें नाहीं असें ख्रिस्ती घर आपल्या प्रांतांत विरळा. आपल्या इंदापुरास लागून असलेल्या दौंड तालुक्यांत केडगांव येथें त्यांनीं वसविलेलें मुक्ति मिशन आजही उभें आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. मी येथें एवढेंच सांगणार आहें कीं, लहानपणीं त्यांस कोणी देवाच्या हातीं दिलें, आणि पुढें त्यांनीं दुसऱ्यांचीं लेकरें देवाच्या हातीं कशीं दिलीं.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळ नांवाच्या रानांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये अशी त्या काळची समजूत असतां शास्त्रीबोवांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला तें शिकविलें, आणि त्यापायीं जातभाईंचा विरोध सोसला. घरीं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पाहुणचारांत व दानधर्मांत त्यांचें धन संपलें. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असतांना हें कुटुंब घर सोडून निघालें. लहानगीला वेताच्या पेटींत घालून डोंगराखालीं उतरविलें. तेव्हांपासून तीर्थोतीर्थीं फिरावें, देवळांत किंवा नदीकांठीं पुराण सांगावें आणि लोक देतील त्यावर निर्वाह करावा, हाच त्यांचा क्रम झाला.

ह्या फिरस्तीच्या संसारांतही त्या मुलीस एक मोठें धन मिळालें. आईला दिवसभर कामांतून सवड नसे, म्हणून ती पहाटे पांखरें बोलूं लागण्याच्या सुमारास मुलीला उठवी. पण ती तिला ओढून किंवा दरडावून उठवीत नसे. झोपेनें जड झालेल्या लेकरास ती उचलून जवळ घेई, गोड शब्दांनीं जागें करी आणि मग श्लोक म्हणून घेई. पुढें कलकत्त्याच्या पंडितांनीं ज्या विद्येपुढें मान लवविली ती विद्या ह्या मायेच्या जागविण्यांतून आली. मुलाच्या निजण्याउठण्याच्या वेळीं आईचा आवाज कसा असतो, ही गोष्ट क्षुल्लक नाहीं.

1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यांत अन्नाची टंचाई सुरू झाली. होतें नव्हतें तें विकून झालें. दागिने गेले, तांब्यापितळेचीं भांडीं गेलीं. भीक मागावी तर लाज वाटे, आणि मजुरी करण्याची संवय नव्हती. शेवटीं तिरुपतीच्या बाजूस एका रानांत ह्या कुटुंबानें 11 दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर ह्यांवर काढले. पुढें कांहींच मार्ग दिसेना, तेव्हां पवित्र मानलेल्या एका तळ्यांत जलसमाधि घ्यावी असें वृद्ध शास्त्रीबोवांनीं ठरविलें, आणि ते एकेकाचा निरोप घेऊं लागले. धाकट्या मुलीचा निरोप सर्वांच्या शेवटीं झाला. ती तेव्हां 16 वर्षांची होती. म्हाताऱ्याचे डोळे गेले होते; त्यांस तिचें तोंड दिसत नव्हतें. त्यांनीं तिला घट्ट कवटाळलें, तिच्या डोक्यावरून व गालांवरून हात फिरविला, आणि आपलें तिच्यावर किती प्रेम होतें ह्याची तिला आठवण दिली. सरळ मार्ग कधीं सोडूं नकोस असें सांगितलें. आणि शेवटीं सांगितलें कीं, मी तुला आपल्या देवाच्या हातीं दिलें आहे. तूं त्याचीच आहेस, आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. पुढें त्यांच्यानें बोलवेना.

इतक्यांत थोरला भाऊ श्रीनिवास पुढें आला आणि म्हणाला कीं, मी जातीचा अभिमान सोडून मजुरी करीन आणि आईबापांस पोशीन. ह्या एका बोलानें सर्वजण तळ्यापासून मागें फिरलीं. वाचकहो, ह्या दोन्ही गोष्टी एकाच घडीच्या आहेत, आणि त्या एकत्र ध्यानांत ठेवाव्या. बापानें लेकीला देवाच्या हातीं दिलें, आणि भावानें आपला हात कामाला पुढें केला. देवावर भार टाकणें म्हणजे जीवितावर पाणी सोडणें नव्हे. मरणाचा तो विचार निराशेचा होता. लेकीला सोंपवितांना मात्र बाप विश्वासानें बोलला.

थोड्याच दिवसांत ज्वर येऊन शास्त्रीबोवा वारले. मागून आई गेली, आणि पुढें मोठी बहीणही पटकीनें गेली. बापाची प्रार्थना ऐकली गेली नाहीं असेंच त्या वेळीं कोणासही वाटलें असतें. परंतु पुढें रमाबाईंनीं ह्याविषयीं उलट साक्ष दिली. वडिलांस खऱ्या देवाची ओळख नव्हती, पण त्यांनीं आपणाकरितां केलेली प्रार्थना दयाळू स्वर्गीय पित्यानें ऐकली, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे.

उरलीं दोघें, श्रीनिवास आणि रमा. तीं पायीं हजारों मैल फिरलीं. अंगावर पुरतें वस्त्र नाहीं, पोटांत अन्न नाहीं. कधीं मूठभर धान्य भिजवून मीठ लावून खावें, कधीं तेंही नसावें. उत्तरेच्या कडाक्याच्या थंडींत झेलम नदीच्या कांठीं त्यांच्याजवळ पांघरावयास कांहीं नव्हतें. तेव्हां तीं वाळूंत थडग्यासारखे दोन खड्डे खणीत, त्यांत निजत, आणि डोकें तेवढें बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेत. आपल्या मुलांस गोधडींत गुंडाळतांना ह्या दोन भावंडांची ती रात्र आपण आठवावी.

1878 सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. मान मिळाला, पण 1880 सालीं डाक्का येथें श्रीनिवासही आजारी पडला. आपल्या मागें बहिणीचें कसें होईल, ही एकच काळजी त्याला मरणाच्या अंथरुणावर लागली होती. रमाबाईंनीं त्यास सांगितलें कीं, तुझी आणि माझी काळजी घेणारा देवावांचून दुसरा कोणी नाहीं. तेव्हां तो उत्तरला कीं, देव आपली काळजी घेत असेल तर मला कशाचेंही भय नाहीं. त्या एकटेपणांत देव आपल्याजवळ आहे असें रमाबाईंस वाटलें. ख्रिस्ताची ओळख त्यांस अद्याप व्हावयाची होती. ज्या मुलीस बापानें देवाच्या हातीं दिलें, तीच आतां भावाचें भय देवाकडे नेणारी झाली.

त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशीं त्यांचा विवाह झाला. 1881 च्या एप्रिलांत मुलगी झाली, तिचें नांव मनोरमा. 1882 च्या फेब्रुवारींत मेधावी पटकीनें वारले. मनोरमेचें वय तेव्हां एक वर्षाचेंही नव्हतें. अशी ही तरुण विधवा लेकरास कडेवर घेऊन पुण्यास आली. तेथें स्त्रियांच्या सुधारणेसाठीं तिनें आर्य महिला समाज स्थापिला, आणि 1883 सालीं शिक्षणासाठीं ती इंग्लंडास गेली. 29 सप्टेंबर 1883 रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. 1886 सालीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. बालविधवांची स्थिति त्यांनीं व्याख्यानांतून व पुस्तकांतून तेथील लोकांपुढें मांडली. आणि मिळालेल्या साहाय्यानें 11 मार्च 1889 रोजीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणलें.

ह्या सदनांत धर्माची सक्ति करूं नये असा करार होता, आणि रमाबाईंनीं तो पाळला. परंतु स्वतःच्या खोलींत त्या मनोरमेस घेऊन शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत, आणि त्या वेळीं त्यांनीं दार लावून घेतलें नाहीं. सदनांतील मुली आपखुशीनें दाराशीं येऊं लागल्या, मग आंत येऊन बसूं लागल्या. ज्यांचीं लग्नें खेळण्याच्या वयांत झालीं, ज्यांना पांढऱ्या पायाची म्हणून घरचीं माणसें तोंड दाखवूं देत नसत, त्या मुलींस एक आई आपल्या लेकीसह देवाशीं बोलते आहे हेंच नवल होतें. ह्यावरून पुण्यांत मोठा गवगवा झाला. 1893 सालीं सल्लागार मंडळांतील थोर गृहस्थांनीं राजीनामे दिले, आणि कांहीं पालकांनीं मुली काढून नेल्या. दार लावून घ्या म्हणजे सर्व शांत होईल असा सोपा मार्ग रमाबाईंपुढें होता. त्यांनीं कोणाही मुलीस बोलाविलें नाहीं, पण दारही लावलें नाहीं. आपल्या घरीं आपण प्रार्थना करतों ती मुलांस ऐकूं येते काय, हें प्रत्येक आईबापानें स्वतःस विचारावें.

1896-97 मध्यें मध्यप्रांतांत मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंस स्वतःचे ते 11 दिवस आठवले, आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्यांवर व अन्नछत्रांत सांपडलेल्या सुमारें 300 मुलींस व विधवांस त्यांनीं आणलें. पुण्यांत त्याच वेळीं प्लेगाची सांथ असल्यामुळें त्यांस केडगांवच्या मळ्यांत नेलें आणि झोंपड्या घालून ठेविलें. 1898 च्या सप्टेंबरांत मुक्ति सदनाची प्रतिष्ठापना झाली. अमेरिकेंतील मंडळींनीं 10 वर्षांसाठीं दिलेलें वचनही त्याच वर्षीं संपलें होतें. पुढें बांधलेलें उत्पन्न नाहीं, आणि तोंडें वाढत चाललीं. 1900 च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी मुली आल्या, तेव्हां मुक्तींतील संख्या दीड हजारांच्या वर गेली. एवढ्या तोंडांच्या उद्यांच्या भाकरीची काळजी रमाबाई रोज देवापुढें नेत, आणि त्याबरोबर मळाही कसवीत. मुली दळणें, विणणें, शेती, तेल गाळणें, छापखान्यांतील खिळे जुळविणें अशीं कामें शिकल्या. प्रार्थना आणि मेहनत ह्यांत रमाबाईंनीं कधीं वैर मानलें नाहीं. श्रीनिवासाचा तो बोल त्यांच्या घरांत जिवंत राहिला होता.

मुक्तींत आंधळ्या मुलीही होत्या. मनोरमेनें त्यांच्यासाठीं उठावाच्या अक्षरांची विद्या शिकून घेतली, आणि त्या मुली बोटांनीं शास्त्र वाचूं लागल्या. आंधळ्या बापाच्या बोटांनीं ज्या रमाबाईंच्या गालांवरून शेवटचा हात फिरविला, त्यांच्याच घरीं हें झालें.

आतां ह्या चरित्राचा कठीण भाग सांगतों. मनोरमा शिकली, आईच्या कामांत उजवा हात झाली, आणि आईच्या मागें सर्व भार तीच वाहील असें सर्वांस वाटत होतें. 24 जुलै 1921 रोजीं तिला देवाज्ञा झाली. रमाबाईंचें वय तेव्हां 63 वर्षांचें होतें. ज्या लेकीस जन्मापासून त्यांनीं देवाच्या हातीं दिलें होतें, ती देवानें आपल्याकडेच नेली. रमाबाईंनीं काम टाकलें नाहीं. साध्या बायांस समजेल अशा मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करण्यासाठीं त्या अनेक वर्षें हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून खपत होत्या. तें काम त्यांनीं तसेंच पुढें चालविलें व संपविलें. 5 एप्रिल 1922 रोजीं त्याही प्रभूकडे गेल्या.

हा भाग मीं मुद्दाम लिहिला. आपण मुलांस पुष्कळदां असें शिकवितों कीं प्रार्थना केली म्हणजे जें भय वाटतें तें घडणारच नाहीं. मग आजी मरते, बैल दगावतो, पीक जातें, आणि मुलाच्या मनांतून देवच जातो. रमाबाईंचे आईबाप, बहीण, भाऊ, पति, कन्या, सर्व त्यांच्या डोळ्यांदेखत गेलीं. तरी बापानें आपणास ज्याच्या हातीं दिलें त्यानें आपणास टाकलें असें त्यांस वाटलें नाहीं. मुलास वचन द्यावयाचें तें एवढेंच द्यावें कीं, जें होईल त्यांत देव तुझा हात सोडणार नाहीं.

तर मग निजतेवेळीं काय करावें? निजण्याआधीं मुलाजवळ घटकाभर बसावें. आज तुझ्या मनावर कशाचें ओझें आहे असें विचारावें, आणि तें बोलेपर्यंत थांबावें. तिसऱ्यांदां विचारावें लागलें तरी कंटाळूं नये. तें जें सांगेल त्यास हंसूं नये. शेळीचें करडूं हरवलें, पंतोजींनीं सर्वांदेखत उभें केलें, बाप पिऊन येतो, ह्यांपैकीं कोणतीही गोष्ट देवाला सांगण्याइतकी लहान किंवा लाजेची नाहीं. मग तीच गोष्ट, तिच्याच नांवानें, घरच्या बोलींत, मुलाकडून देवास सांगवावी. पाठ केलेली प्रार्थना चांगली, पण करडाचें नांव तींत नसतें. बागुलबुवाचें किंवा देवाच्या रागाचें भय रात्रीं घालूं नये, कारण ज्याचें भय वाटतें त्याच्या हातीं कोणी आपलें ओझें देत नाहीं. आणि जें आपल्या हातानें होण्यासारखें असेल तें सकाळीं उठून करावें. करडूं शोधावयास जावें, पंतोजींस भेटावें. बापाच्या पिण्याचें दुःख मुलानें सांगितलें असेल, तर तें ऐकणाऱ्या बापानें स्वतःच्या गुडघ्यांवर यावें.

उपदेशक बंधूंनीं व बायबल बायांनीं शमुवेलाची गोष्ट मुलांस सांगावी. तो मंदिरांत निजला असतां रात्रीं हांक ऐकून उठला, आणि तीन वेळां म्हाताऱ्या एलीकडे धांवत गेला. एलीनें त्यास हांकलून दिलें नाहीं. देवास काय उत्तर द्यावें हें त्यानें शिकविलें आणि परत निजावयास पाठविलें. आपल्या घरांत आपणही एवढेंच करावयाचें आहे.

निरवांगीच्या त्या मुलाच्या बापास मीं सर्व सांगितलें. त्या रात्रीं त्यानें मुलास कुशींत घेऊन सांगितलें कीं, जावें लागलें तर सर्वांस घेऊन जाईन, कोणास टाकणार नाहीं. मग मुलानें स्वतःच्या शब्दांत देवास सांगितलें कीं बापाला सांभाळ. पीक त्या वर्षीं गेलेंच. बापास कामासाठीं बाहेर जावें लागलें, आणि बोलल्याप्रमाणें तो सर्वांस घेऊन गेला. पुढच्या पावसाळ्यांत तीं माणसें परत आलीं. मीं आईस विचारलें, तेव्हां ती म्हणाली कीं परक्या गांवांत, पालाखालीं सुद्धां, मुलगा रात्रभर झोपत असे. निजण्यापूर्वीं मात्र तो बापास जवळ बसवून घेई आणि दिवसभरांतली एकेक गोष्ट देवास सांगे, आणि ती ऐकतां ऐकतां बापासही झोंप लागे.

ज्या प्रभूनें लेकरांस जवळ घेऊन आशीर्वाद दिला, तो आपल्या घरांतील लहानमोठ्या सर्वांस आज रात्रीं आपल्या हातीं घेवो.